‘नाही’ सगळीकडे जवळजवळ सारखंच, मग ‘हो’ म्हणायला युरोपात इतके शब्द का?

उन्हाळी_आंबा

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात वळवळतोय, भाषावाल्यांनी जरा प्रकाश टाका. सध्या मी मोबाईलवर दोन-तीन युरोपियन भाषा एकदम शिकतोय (एकही धड येत नाही ते सोडा). तर मुद्दा असा की साधे साधे शब्द सगळीकडे भावंडांसारखे दिसतात. तीन घ्या: थ्री, द्राय, ट्रेस, त्रे, रशियनमध्ये त्री, आपल्याकडे त्रि. आई घ्या, मदर, मुटर, माद्रे, मातृ. आणि ‘नाही’ तर विचारूच नका, नो, नाइन, नॉं, न्येत, नेई, नु, सगळीकडे तो ‘न’ आहेच.

पण ‘हो’ला काय झालं? फ्रेंच वी, स्पॅनिश-इटालियन सी, जर्मन या, रशियन दा, पोलिश टाक, चेक आनो, लिथुआनियन ताइप, ग्रीक तर चक्क ‘ने’!! म्हणजे तिथे मान हलवत ने ने म्हणणारा माणूस हो म्हणतोय. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध लागत नाही. हो म्हणायला लोक एवढे उशिरा शिकले की काय?

दुसरं, जर्मनमध्ये ‘डॉख’ नावाचा एक प्रकार आहे तो मला अजून झेपलेला नाही, कुणी मराठीतून समजावलं तर उपकार होतील.

खडूस_मास्तर

तुम्ही गमतीत लिहिलंय पण उत्तर जवळपास तेच आहे :) ‘न’ हा अव्यय मूळ इंडो-युरोपीय भाषेपासून चालत आलाय, संस्कृतात न, लॅटिनमध्ये ने आणि नोन, गॉथिक या जुन्या जर्मन-कुळातल्या भाषेत नि, म्हणून तो सगळीकडे सापडतो. ‘हो’साठी मात्र त्या मूळ भाषेत असा काही स्वतंत्र शब्द होता असं दिसतच नाही. गरजच नव्हती हो. नकार द्यायचा तर काहीतरी जास्तीचं लावावं लागतं, होकाराला नुसतं क्रियापद परत म्हटलं की काम भागतं. आपणही दिवसभर तेच करतो, जेवलास का? जेवलो. येतोस का? येतो. यात ‘हो’ कुठेय?

लॅटिन याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. एवढं साम्राज्य चालवलं, कायदे लिहिले, पण यस या अर्थाचा एक ठरलेला शब्द नाही. ‘वेनिस्ने?’ म्हणजे येतोस का, तर उत्तर ‘वेनियो’, येतो. फार तर ‘इता’ म्हणजे असंच (आपल्या ‘इति’चा नातेवाईक मानतात), ‘सिक’ म्हणजे असं, ‘एतियाम’, ‘साने’, ‘चेर्ते’ म्हणजे नक्की, असे पाच-सात पर्याय, प्रसंग बघून वापरायचे. पुढे लॅटिन मोडून तिच्या लेकी वेगळ्या झाल्या तेव्हा प्रत्येकीने यातला आपापला तुकडा उचलला. इटालियन-स्पॅनिशने ‘सिक’ घेतला, शेवटचा क गळाला आणि सी उरला. पोर्तुगीजांनी त्याला नाकात नेऊन ‘सिं’ केलं. सार्डिनिया बेटावर तर ‘एया’ म्हणतात, ते लॅटिनमधल्या एका उद्गारावरून आलंय.

फ्रान्समध्ये खरी मजा आहे. तिथे लोकांनी ‘होक’ हा शब्द धरला, होक म्हणजे ‘हे’ किंवा ‘ते’. दक्षिणेत नुसतं ‘ऑक’ म्हणायला लागले. उत्तरेत होकला सर्वनाम जोडायचे, म्हणजे ‘ते मी’, ‘ते तो’, अर्थ असा की ‘ते मी करतो’, ‘ते तो करतो’. जुन्या फ्रेंचमध्ये ‘ओ ज’ (मी), ‘ओ तु’, ‘ओ इल’ (तो) असे वेगवेगळे हो होते!! त्यातला ‘ओ इल’, म्हणजे होक इल्ले, सरसकट सगळ्यांसाठी वापरला जाऊ लागला, मग ओइल, मग शेवटचा ल गेला आणि ओई, मग वी. म्हणजे आज पॅरिसमधला माणूस जे वी म्हणतो ते मुळात ‘ते तो’ असं अर्धवट वाक्य आहे. नकाराचंही तसंच, ‘नोन इल’वरून नेनी, तो आता जुनाट झालाय, नॉं टिकला.

फ्रेंच शिकणाऱ्यांना कधीकधी सांगतात की वी हा ‘उईर’ म्हणजे ऐकणे या क्रियापदावरून आला, ‘ऐकलं’ म्हणजे हो. वाचायला छान वाटतं पण ते खरं नाही, ओइल हे रूप जुन्या हस्तलिखितांमध्ये ढिगाने आहे, त्यामुळे साखळी सरळ दिसते.

तिखटमीठ

मास्तर, जबरी. वाचनखूण साठवली.

माझ्याकडून एक भर. तो जो प्लँचेटचा बोर्ड असतो ना, विजा बोर्ड, त्याचं नाव फ्रेंच वी आणि जर्मन या जोडून झालंय, म्हणजे ‘हो हो’. कॉलेजात आम्ही होस्टेलवर वाटी उलटी घालून बसायचो तेव्हा एका सिनियरने हे सांगितलं होतं.

घाटमाथा

^ सिनियरने नुसती वाटीच फिरवली नाही तर :D

तो बोर्ड अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा, पेटंट १८९१ चं. नाव कसं पडलं यावर विकणाऱ्यांचं म्हणणं असं होतं की बोर्डानेच स्वतःचं नाव सांगितलं आणि अर्थ विचारला तर ‘गुड लक’ म्हणाला. वी अधिक या हे स्पष्टीकरण नंतर लोकांनी चिकटवलंय.

बाकी मास्तरांच्या फ्रान्सवर भर घालतो, कारण या ऑक आणि ओइलवरून नुसते शब्दच नाही तर अख्खे प्रदेश ओळखले गेले. इटालियन कवी दांतेने १३०३ ते १३०५ च्या सुमारास लॅटिनमध्ये बोलीभाषांवर एक ग्रंथ लिहायला घेतला (अर्धवटच राहिला), त्यात त्याने दक्षिण युरोपातल्या भाषांची वाटणी चक्क होकारावरून केलीय: ऑक म्हणणारे, ओइल म्हणणारे आणि सी म्हणणारे. व्याकरण नाही, लिपी नाही, फक्त ‘हो’ कसं म्हणता ते सांगा. आणि पुढे ‘इन्फेर्नो’ या नरकावरच्या काव्याच्या तेहेतिसाव्या सर्गात पिसा शहराला शिव्या घालताना इटलीला ‘जिथे सी ऐकू येतो तो सुंदर देश’ म्हणतो. शिव्या पण काय देखण्या.

दक्षिण फ्रान्सच्या एका मोठ्या प्रांताला लांगदॉक म्हणत, म्हणजे सरळ ‘ऑकची भाषा’. वाईन पिणाऱ्यांना बाटलीवरून हे नाव ठाऊक असेल. २०१६ मध्ये फ्रान्सने प्रांतांची जोडाजोड केली तेव्हा तिथल्या नव्या प्रांताचं नाव ऑक्सितानी ठेवलं, त्यातही तो ऑक आहेच. म्हणजे नकाशावर ‘हो’ लिहिलेला प्रदेश. असं दुसरीकडे कुठे असेल तर सांगा.

इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड, तो सिंहहृदयी, त्याला बर्त्रान द बोर्न नावाच्या कवीने टोपणनाव ठेवलं होतं ‘ऑक ए नोन’, म्हणजे हो-आणि-नाही. काहीजण म्हणतात हा माणूस मोजकंच आणि ठाम बोलायचा म्हणून, काहीजण म्हणतात सारखा शब्द फिरवायचा म्हणून. इंग्लंडच्या राजाला टोपणनाव ऑक्सितानमध्ये, म्हणजे या ऑकच्या भाषेत, कारण त्याची आई दक्षिण फ्रान्समधल्या अ‍ॅक्विटेनची आणि तो स्वतः त्या भाषेत गाणी रचायचा.

आता वाईट भाग. १५३९ मध्ये राजा फ्रान्स्वा पहिला याने विलेर-कोतरेच्या फर्मानाने सरकारी आणि कोर्टाचे कागद फ्रेंचमध्येच हवेत असं ठरवलं, निशाण्यावर लॅटिन होतं पण झळ ऑकवाल्यांनाही बसली. पुढे शाळांमध्ये ती भाषा बोलणाऱ्या पोरांना शिक्षा व्हायची. त्याच भाषेतल्या कवी मिस्त्रालला १९०४ चं साहित्याचं नोबेल मिळालं, तरी घराघरातून ती गेलीच. ओइल जिंकला, ऑक हरला, आणि यात भाषेच्या गोडव्याचा काही संबंध नाही, राजधानी कुठे होती एवढाच प्रश्न.

सांजवेळ_म्युनिक

डॉखचं मी सांगते, इथे राहून रोज कामाला येतो तो.

कुणी विचारलं, ‘तू येणार नाहीस का?’ आता आपण मराठीत ‘हो’ म्हटलं तर समोरच्याने काय समजायचं? आपल्या सवयीने ‘हो, नाही येणार’, म्हणजे समोरच्याचं म्हणणं बरोबर. जर्मन माणसाला नुसतं ‘या’ ऐकून कळतच नाही की बाई येतेय की नाही, तो थांबून परत विचारतो. इथे नव्या आलेल्या आपल्या लोकांचे निम्मे गोंधळ यातलेच. ऑफिसात ‘ते फॉर्म अजून मिळाले नाहीत का?’ ‘या’ आणि मग दोघंही एकमेकांकडे बघत बसतात.

तर त्यांनी नकारार्थी प्रश्नाला उलटं उत्तर द्यायला वेगळा शब्द ठेवलाय. प्रश्न नकारार्थी, उत्तर होकारार्थी, की डॉख. ‘येणार नाहीस?’ ‘डॉख!’ म्हणजे येणारे ना, कोण म्हणतं नाही. आणि येणार नसाल तर ‘नाइन’. संपलं. हे फक्त जर्मनचं नाही, फ्रेंचमध्ये यासाठी ‘सी’ आहे (तोच लॅटिन सिक, फ्रान्समध्ये एवढ्याच कामापुरता उरला), डच लोक ‘यावेल’ म्हणतात, स्वीडन-नॉर्वे-डेन्मार्कमध्ये ‘यो’, हंगेरियनमध्ये ‘दे’ लावून ‘दे इगेन’.

इंग्लिशमध्येही हे होतं!! हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. जुन्या इंग्लिशमध्ये ‘ये’ (स्पेलिंगमध्ये शेवटी ए असलेला, तो जर्मन ‘या’चा भाऊ) हा साध्या प्रश्नाला होकार, आणि ‘यस’ हा नकारार्थी प्रश्नाला दणकून होकार. यस हा मुळात दोन शब्दांचा जोड आहे, ‘ये’ आणि ‘असो’ अशा अर्थाचं क्रियापद, म्हणजे ‘हो, तसं असो’. नकारातही दोन होते, नो आणि ने. पुढे ही चौकडी मोडली, यस आणि नो राहिले, बाकीचे दोघं चर्चमध्ये आणि संसदेत उरले. १५३२ च्या सुमारास थॉमस मोरने बायबलचा भाषांतरकार टिंडल याला यावरून झापलंय की इथे ‘नो’ नाही ‘ने’ हवं, तुला इंग्लिश येत नाही. आणि तो नियम समजावताना मोरने स्वतःच उलटसुलट घोळ घातलाय. म्हणजे तोपर्यंत बोलणाऱ्यांच्या तोंडून तो फरक जवळजवळ गेलाच होता.

आता मराठीत समजावून पाहिजे ना, तर आपल्याकडे डॉख आहे. ‘की’. ‘तुझ्याकडे सुट्टे नाहीत का?’ ‘आहेत की!’ ‘तू काल आला नव्हतास ना?’ ‘आलो होतो की!’ हा की आणि डॉख एकच काम करतात, समोरच्याच्या मनातला नकार खोडतात. मी नव्या लोकांना असंच शिकवते आणि पटकन कळतं.

खडूस_मास्तर

सांजवेळ, उदाहरण सुरेख पण पूर्ण सहमत नाही. डॉख एकटा उभा राहतो, दार उघडून नुसतं ‘डॉख!’ म्हणून दार लावता येतं. ‘की’ला क्रियापदाचा आधार लागतो, नुसतं ‘की!’ म्हणून बघा. शिवाय की नकार नसतानाही येतो, ‘बस की’, ‘घे की अजून थोडं’, यात खोडायला नकार कुठेय?

सांजवेळ_म्युनिक

‘बस की’ म्हणताना समोरचा उभाच असतो आणि ‘नको नको’ म्हणत असतो, म्हणून म्हणतो आपण. नकार असतोच, बोललेला नसतो एवढंच. आणि गंमत सांगू, जर्मनमध्येही पाहुण्याला ‘बसा की’ म्हणताना वाक्यात डॉखच घालतात! ‘झेत्सन झी झिख डॉख’. आता बोला :)

एकटा उभा राहत नाही हे मात्र मान्य.

रानवारा

सातारकडे ‘व्हय की’ म्हणतात, तिथे तो जवळजवळ एकटाच उभा आहे. मास्तरांनी यावर विचार करावा.

मला यात आवडलेली बाजू आयर्लंडची आहे. आयरिश भाषेत आजही हो आणि नाही हे शब्दच नाहीत. ‘अन डिगन तू?’ म्हणजे कळतंय का, उत्तर ‘तिगिम’, कळतंय. पिलास का? प्यायलो. मग सार्वमताच्या मतपत्रिकेवर काय छापायचं? तर ‘तॉ’ आणि ‘नील’ असं छापतात, म्हणजे ‘आहे’ आणि ‘नाही आहे’. तिथल्या संसदेत मतविभागणीतही तेच. आणि ही सवय त्यांच्या इंग्लिशमध्ये उतरलीय, ‘आर यू कमिंग?’ ला आयरिश माणूस यस न म्हणता ‘आय अ‍ॅम’ म्हणून मोकळा होतो. वेल्शमध्ये त्याहून वाईट अवस्था, काळ बघायचा, क्रियापद बघायचं आणि मग हो निवडायचा, ‘आहे का’ विचारलं तर ‘ओइस’, ‘गेलास का’ विचारलं तर ‘डो’, वाक्यात कशावर जोर आहे त्यावरून आणखी एक. वेल्श शिकणारे हो म्हणायला महिने घेतात असं म्हणतात ते काही फार खोटं नसावं.

आणि हसण्याआधी आपलं बघा. ‘होय’ म्हणजे काय? होणे या क्रियापदाचं जुनं रूप, जुन्या मराठीत ‘होय’ म्हणजे ‘होतो’ किंवा ‘आहे’, संतवाङ्मयात पानापानावर सापडेल. ते गोठलं आणि आपला होकार झाला. म्हणजे आपणही आयरिश लोकांसारखे क्रियापदानेच उत्तर देत होतो, फक्त एक क्रियापद कायमचं नेमून टाकलं. ‘नाही’ तर अजून गोठलेलंही नाही, मी नाही, तू नाहीस, ते नाहीत, चालवतोच की आपण. म्हणजे मराठीत होकार थिजला आणि नकार अजून चालता-बोलता आहे.

अवांतर: उपनिषदांत ओम् हा होकाराचा शब्द म्हणून येतो. छांदोग्यात त्याला ‘अनुज्ञाक्षर’ म्हटलंय, कशालाही अनुमती द्यायची तर ओम् म्हणतात असं. बृहदारण्यकात देव किती या प्रश्नावर उत्तर ऐकून शाकल्य ‘ओम्’ म्हणतो आणि पुढचा प्रश्न विचारतो, म्हणजे आपलं ‘हं, बरं, पुढे?’

उन्हाळी_आंबा

अरे काय लिहिताय लोकहो, एका ओळीच्या प्रश्नाला एवढं. डॉख कळला. आता ग्रीक ‘ने’ आणि रशियनवाले राहिले, कुणी आहे का?

घाटमाथा

ग्रीक ‘ने’ जुन्या ग्रीकमध्ये ‘नाइ’ होता, खात्रीने सांगताना वापरायचा शब्द, ‘खरोखर’ अशा चालीचा. ‘न’कारवाल्या ‘न’शी त्याचं नातं नाही, आवाज जुळला एवढंच. ग्रीकांनी नकारही वेगळाच ठेवलाय, ‘ओही’. हा ओही तिथे राष्ट्रीय सणच आहे, २८ ऑक्टोबर १९४० ला मुसोलिनीच्या निर्वाणीच्या खलित्याला पंतप्रधान मेटाक्सासने नकार दिला त्याची आठवण म्हणून दरवर्षी ‘ओही दिवस’ साजरा होतो. नाही म्हटल्याची सुट्टी.

ग्रीसची हद्द ओलांडून वर बल्गेरियात गेलात की ‘ने’ म्हणजे नाही. आणि तिथे मानेचा प्रकारही आपल्या दृष्टीने उलटा, हो म्हणताना मान आडवी हलवतात आणि नाही म्हणताना वर झटकतात. काही बल्गेरियन परदेशी माणसासमोर मुद्दाम आपल्यासारखी हलवतात, त्यामुळे नक्की कुठली पद्धत चालू आहे हे विचारावं लागतं. आपली मान सगळीकडे फिरत असल्यामुळे आपल्याला फार अडचण येऊ नये.

स्लाव्ह लोकांत पण एकमत नाही बघा. रशियन, सर्बियन, बल्गेरियन दा. पोलिश टाक, युक्रेनियन ताक, अर्थ ‘असं’, म्हणजे लॅटिन सिकचीच कल्पना स्वतंत्रपणे सुचलेली, लिथुआनियन ताइपही ‘असं’च. चेक ‘आनो’, आणि बोलताना त्याचं नुसतं ‘नो’ करतात, म्हणजे चेक माणूस फोनवर नो, नो, नो म्हणत असेल तर तो तुमच्याशी सहमत आहे. पोलिश लोकही गप्पांत असाच ‘नो’ वापरतात. इंग्रजांची काय अवस्था होत असेल.

रशियनमध्ये एक प्रसिद्ध वाक्य आहे, ‘दा न्येत, नावेर्नोए’, शब्दशः ‘हो नाही बहुतेक’. अर्थ: नाही, बहुतेक नाहीच. पुण्यात याला ‘बघू’ म्हणतात.

तिखटमीठ

पुण्याला मध्ये आणल्याबद्दल निषेध. तसंही आम्ही सरळ ‘नाही’ म्हणतो.

फिनिश कुणी घेतलं नाही म्हणून लिहितो, माझा भाऊ तिकडे असतो. पुस्तकातलं हो आहे ‘क्युल्ला’, त्याचा मूळ अर्थ ‘पुरेसं, भरपूर’, आजही ‘पुरेसं’साठीचा शब्द त्याच घरातला आहे. पण रस्त्यावर सगळे ‘यो’ म्हणतात आणि तो स्वीडिशकडून उसना घेतलेला. उसनवारी तिकडे बरीच दिसते, लॅटव्हियन ‘या’ जर्मनकडून आलाय, चेक लोक पण घरी ‘यो’ म्हणतात. आणि उत्तर स्वीडनमध्ये, उमेओ वगैरे भागात, हो म्हणायला शब्दच उच्चारत नाहीत, ओठ गोल करून हवा आत ओढतात, ‘श्शुप’ असा काहीतरी आवाज येतो. भावाला आधी वाटलं समोरच्या बाईंना काहीतरी लागलं की काय, म्हणून तो पाणी आणायला उठला.

उन्हाळी_आंबा

हाहा. एक शेवटचं. रोमानियन तर लॅटिनची लेक ना, मग तिथे सी नसून दा कसा काय? ॲपमध्ये मला तेच दाखवतंय.

खडूस_मास्तर

शेजाऱ्यांकडून. शेकडो वर्षं स्लाव्ह भाषांच्या गराड्यात राहिली ती भाषा, धर्माची भाषाही बराच काळ स्लाव्होनिक होती, तेव्हा दा तिकडून आला. पण सिक हरवलेला नाही, तो रोमानियनमध्ये ‘शि’ म्हणून आहे, अर्थ ‘आणि’. दर दुसऱ्या वाक्यात दिसेल तुम्हाला. आणि सांजवेळच्या यादीत भर टाका, रोमानियनमध्येही डॉख आहे: ‘बा दा’.